एका लायसन्सवर किती मशीन? कॅनिंगचं ऑफिस, ९ कॉम्प्युटर, दोन युनिट

कॅनिंग_ऑफिस (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आंबा पल्पचं युनिट आहे, छोटं दुसरं युनिट देवगडला. भागीदारी फर्म. ऑफिस आणि सिस्टिम माझ्याकडे. कायमचे ९ कॉम्प्युटर, सीझनला चार लॅपटॉप भाड्याने येतात. आता सगळ्याचा हिशोब लावायला बसलोय, तर प्रश्न असे:

१) टॅली सिल्व्हर एकच घेतलेलं आहे. अकाउंटंट आणि मालक दोघांच्या मशीनवर आहे, मालकांच्या मशीनवर पॅच मारलेला. "एका वेळी एकच जण वापरतो" म्हणून चालतं का?
२) सेटअप, ॲक्टिव्हेशन-की, जुन्या सीड्या यांच्या कॉपी करून दुसरीकडे ठेवल्या तर तोही गुन्हाच का?
३) लेबलं करणारी मुलगी कोरल घरच्या लॅपटॉपवर टाकून मागतेय. आमची जुनी, एकरकमी घेतलेली आवृत्ती आहे.
४) पेट्या-डबे डिस्पॅचचा प्रोग्राम २०२१ मध्ये बाहेरच्या एका मुलाकडून ३५,००० रुपयांत करून घेतला. बिलावर "डिस्पॅच सॉफ्टवेअर बनवणे" एवढंच. तो देवगडला टाकायचाय, आणि शेजारची बागायतदारांची सोसायटी विकत मागतेय. मालकांचं म्हणणं, पैसे आपण मोजले म्हणजे आपलंच.
५) "लायसन्स पडताळणी, दहा दिवसांत तक्ता भरा" अशी मेल आलीय. उत्तर द्यायचं का?

कलमदान

क्रमाने नको, आधी पाया बघू. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २(ओ): कॉम्प्युटर प्रोग्राम "साहित्यकृती"त मोडतो. पण पुस्तक वाचायला त्याची नक्कल करावी लागत नाही. प्रोग्राम हार्डडिस्कवर उतरवल्याशिवाय, म्हणजे नक्कल केल्याशिवाय, चालतच नाही. म्हणून कलम ५२(१)(एए) मध्ये सूट ठेवलीय. प्रत ज्याच्या ताब्यात कायदेशीरपणे आहे त्याला दोन कारणांसाठी कॉपी करता येते: ज्या कामासाठी प्रोग्राम दिला ते काम करायला, आणि हरवणं, नष्ट होणं किंवा बिघडणं यापासून तात्पुरता बचाव म्हणून बॅकअप ठेवायला.

म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न सुटला. सीडीची इमेज काढा, सेटअप पेनड्राइव्हवर घ्या, एक संच देवगडच्या कपाटात ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी दुकानांत शिरलं, तशा दिवसासाठीच ही तरतूद कामाची आहे. फक्त बॅकअप हा बॅकअपच राहिला पाहिजे. तो दुसऱ्या मशीनवर चढवून कामाला लावला की सूट संपली.

"एका वेळी एकच जण" हे कायद्यात कुठेही नाही. लायसन्सच्या अटीत लिहिलेलं असेल तरच ते खरं. सिल्व्हरच्या अटीत ते नाही, आणि तुमच्याकडे तर पॅच आहे. पॅच म्हणजे कुलूप तोडणं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए त्याबद्दलच आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आता लोक हमखास गफलत करतात ते. ५२(१)(एडी) मध्ये "बिगर-व्यापारी वैयक्तिक वापरासाठी" कॉपीची मुभा आहे आणि ते कलम ऑफिसांतून सर्रास तोंडावर फेकलं जातं. कारखान्याचं लेबल वैयक्तिक वापरात बसत नाही, ते घरी बसून केलं तरी.

शिक्षेचं कलम ६३बी: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५०,००० पर्यंत दंडावर सोडू शकतं, पण ती पळवाट कारखान्याला नाही. शेजारच्या कलम ६३ खालचा (कॉपीराइट भंगाचा) गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगून टाकलंय. आणि कलम ६४ प्रमाणे सब-इन्स्पेक्टर आणि त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करू शकतो.

एक ओळ खास तुमच्यासाठी. कलम ६९ कंपन्यांच्या गुन्ह्यांचं आहे आणि त्यातल्या "कंपनी"त भागीदारी फर्मही येते. त्या वेळी कामकाजाची जबाबदारी ज्याच्याकडे होती तोही दोषी धरला जातो. माहीत नव्हतं किंवा टाळायची पूर्ण खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. "सिस्टिम माझ्याकडे" असं तुम्हीच वर लिहिलंय. मालकांना लेखी कळवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

सर्व्हर_खोली

वकिली बाजू झाली, आता मशीनपाशी बसा. प्रत्येक प्रोग्रामला एकच प्रश्न विचारायचा: लायसन्स कशाला बांधलंय? मशीनला, माणसाला, की संख्येला?

विंडोज. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं, मग जागा, मग तिरपी रेघ आणि डी-एल-आय. जी खिडकी येते त्यात "चॅनेल" वाचा. ओईएम (मशीनबरोबरच आलेलं) असेल तर लायसन्स त्या मदरबोर्डशी बांधलेलं. बोर्ड जळाला आणि वॉरंटीत बदलून मिळाला नाही तर लायसन्स त्याच्याबरोबर गेलं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. आपल्याकडे मे महिन्याच्या विजा आणि खारी हवा यांत बोर्ड किती टिकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे हा फरक पैशाचा आहे.

आणि "व्हॉल्यूम केएमएस क्लायंट" दिसलं तर दचका. केएमएस ही मोठ्या ऑफिसांची, स्वतःच्या सर्व्हरवरून सगळी मशीन ॲक्टिव्हेट करायची पद्धत. स्वतःचा केएमएस सर्व्हर किमान २५ क्लायंट मशीन मोजल्याशिवाय विंडोज ॲक्टिव्हेट करतच नाही, आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. नऊ कॉम्प्युटरच्या कारखान्यात ते कुठून आलं? दुकानदाराच्या ॲक्टिव्हेटरमधून, म्हणजे लायसन्स नसताना ॲक्टिव्हेट करणाऱ्या चोरट्या प्रोग्राममधून. तोच ॲक्टिव्हेटर अँटिव्हायरसला स्वतःचं फोल्डर वगळायला लावतो, आणि पुढची घाण त्याच वगळलेल्या फोल्डरमधून शिरते. उलटही लक्षात घ्या: काही क्रॅक "कायमचं ॲक्टिव्हेट" असंच दाखवतात. स्क्रीनवरचं वाक्य पुरावा नव्हे, बिल पुरावा.

टॅली. सिल्व्हर म्हणजे एक मशीन, एक वापरणारा. दोघांना एकाच वेळी हवं असेल तर गोल्ड. मालकांना महिन्यातून दोनदा नुसता ताळेबंद बघायचा असेल तर अकाउंटंटने पीडीएफ काढून दिली तरी भागतं, त्यासाठी गोल्ड कशाला? आज मालकांच्या मशीनवरचं पॅचवालं काढा आणि मूळ सेटअप टाका. लायसन्स नसलेलं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालतं, त्यात एंट्री महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच पडते. शिकायला ठीक, हिशोबाला नाही. मशीन बदलायचं असेल तेव्हा जुन्यावर एफ-वन दाबून सेटिंग्जमधल्या लायसन्सखाली आधी "सरेंडर" करायचं, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. जुनं मशीन बंद पडल्यावर ही आठवण होते, तेव्हा सपोर्टमागे धावावं लागतं.

ऑफिस. लॅपटॉपबरोबर आलेलं "होम अँड स्टुडंट" घरगुती वापरासाठीच आहे. पैसे दिलेत, लायसन्स-की खरी आहे, तरी कारखान्याचं चलन त्यात करणं अटीबाहेर. हा चोरीचा माल नाही म्हणून कोणाला खटकत नाही, आणि तपासणीत नेमकं हेच आधी सापडतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरची फुकट आवृत्तीही तशीच, वैयक्तिक वापरापुरती. विनरारचे फुकट चाचणीचे ४० दिवस तर सगळीकडे वर्षानुवर्षं चाललेत. त्याजागी फुकट असलेलं सेव्हन-झिप टाका आणि विषय संपवा.

घरच्या लॅपटॉपचा प्रश्न. इथे कंपनीगणिक फरक. अडोबीच्या वैयक्तिक वर्गणीत तोच माणूस दोन मशीनवर साइन-इन ठेवू शकतो, वापर एका वेळी एकावर. ऑटोडेस्कमध्ये वापरणाऱ्याच्या नावाने तीन मशीनपर्यंत. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस स्टँडर्डमध्ये एका माणसाला पाच पीसी. ही सगळी माणसाला बांधलेली. तुमचं कोरल एकरकमी आहे, त्याच्या बरोबर आलेला करार उघडून "दुसरं मशीन" किंवा "पोर्टेबल" याबद्दल काय लिहिलंय ते शोधा. काहीच नसेल तर परवानगी नाही असं धरायचं. सोपा उपाय: कोरलवालं मशीनच लॅपटॉप करा आणि तो तिला घरी न्यायला द्या.

भाड्याचे चार लॅपटॉप: भाडेकरारावर आत काय-काय घातलंय ते लिहून घ्या, नाहीतर कोरे घेऊन फुकटचं लिबरऑफिस टाका. सीझनच्या पोरांना वजन-नोंद आणि चलन याच्यापलीकडे काही लागत नाही. सेव्ह करायची पद्धत सेटिंगमधून एक्सेलच्या साच्यात ठेवा. मात्र मॅक्रो असलेल्या शीट तिथे जशाच्या तशा चालतील ही आशा धरू नका, त्या आधी एका मशीनवर तपासा.

लेबलवाला (मालवण)

फॉन्टांचा काय ता कोणी बोललाच नाय!

कॅनिंगवाल्यांच्या लेबलावर मराठी असतंच. फॉन्टची फाइल हीसुद्धा लायसन्सची वस्तू आहे. मराठी डीटीपीच्या पॅकेजमधले फॉन्ट पेनड्राइव्हवर घालून कोल्हापूरच्या प्रेसला पाठवायचे ही रीत सगळीकडे आहे, आणि ती चूक आहे. लायसन्स तुमच्या मशीनचं, प्रेसचं नव्हे.

करायचं असं. कोरलमध्ये डिझाइन पुरं झालं की फाइल सेव्ह करा. मग दुसऱ्या नावाने सेव्ह करून त्या प्रतीत सगळा मजकूर निवडा आणि कंट्रोल-क्यू. अक्षरांच्या रेषा होतात, फॉन्टची गरज उरत नाही. हीच प्रत प्रेसला. पहिली प्रत जपा, कारण पुढच्या वर्षी एमआरपी, बॅच आणि निव्वळ वजन बदलायचंय आणि रेषा झालेल्या "८५० ग्रॅम"चं "८०० ग्रॅम" टाइप करून होत नाही. रेषा केल्यावर र्‍ह, ष्ट्र, द्ध्य असली जोडाक्षरं एकदा मोठी करून बघा. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मजकूर तुटतो आणि तुटलेलंच रेषेत गोठतं.

नवीन लेबलाला मुक्त, बलू किंवा नोटो वापरा. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, धंद्याला चालतात, प्रेसला फाइल दिली तरी चालते. नुसता फॉन्ट वेगळा विकू नका एवढीच मुख्य अट. त्या मुलीला घरी काम करायचंच असेल तर इंकस्केप फुकट आहे आणि त्यात देवनागरी नीट बसते. पण ते मुळात आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, काम करतं. स्क्रीनवर झगझगीत दिसणारा हापूसचा केशरी छापल्यावर मळतो. रंग शेवटी स्क्राइबस या पान-मांडणीच्या प्रोग्राममध्ये नेऊन सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या रंगांत, ठरवा, आणि एक प्रूफ काढल्याशिवाय हजारांची ऑर्डर देऊ नका.

कॅनिंग_ऑफिस (रत्नागिरी)

फॉन्ट डोक्यातच नव्हते! तपासलं. नऊपैकी तीन मशीनवर केएमएस, दोन लॅपटॉपवर होम अँड स्टुडंट. पॅचवालं टॅली काढायला घेतोय. पण डिस्पॅचचा प्रोग्राम आणि मेल राहिलं. मालक प्रोग्रामबाबत ऐकत नाहीत.

सोर्सकोड_सावंतवाडी

मालकांना कलम १७(सी) वाचून दाखवा. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या कॉपीराइटचा पहिला मालक नोकरी देणाराच, वेगळा करार नसेल तर. म्हणजे पगारपत्रकावरच्या माणसाने प्रोग्राम लिहिला असता तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बाहेरच्या माणसाला ठोक रक्कम देऊन करून घेतलं की तो नोकर नसतो, आणि लेखी हस्तांतरण नसेल तर कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. ३५,००० मध्ये तुम्हाला वापरायचा हक्क मिळाला, प्रोग्राम नाही. घर बांधून घेतल्यासारखं हे नाही, आणि नेमका तोच समज सगळ्यांचा असतो.

देवगडला टाकणं: युनिट त्याच फर्मचं आहे, काम तेच आहे, त्यामुळे "ज्या कामासाठी दिला" यात ते बसतं असं म्हणायला जागा आहे. पण बिलावर एकाच ओळीचा मजकूर असताना त्या जागेवर उभं राहू नका. सोसायटीला विकणं मात्र अजिबात चालणार नाही.

दुरुस्ती सोपी आहे आणि तो मुलगा फोन उचलतोय तोवरच सोपी आहे. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. दीड पानाचा करार पुरतो, पण त्यात या गोष्टी आल्याच पाहिजेत. प्रोग्रामचं नाव, आवृत्ती आणि कुठल्या तारखेचा सोर्सकोड (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर). कलम १४ मधले (नक्कल करणं, विकणं वगैरे) कुठले हक्क, आणि "सर्व" असतील तर तसं स्पष्ट. मुदत: लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश: लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचा पल्प बाहेर जातो, उद्या तिकडच्या एजंटाला लॉगिन द्यावं लागेल, म्हणून "जगभर" लिहा. आणि १९(४): मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो आपोआप गळतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. सोसायटीला विकायचा हक्क घेऊन दोन सीझन नुसतं बसून राहिलात तर हेच होईल. त्यामुळे "वापर न केल्याने हक्क संपणार नाही" हे वाक्य विसरू नका. मोबदल्याचा आकडा आणि स्टॅम्प हे वकिलाकडून बघून घ्या.

सहीच्या दिवशीच सोर्सकोड पेनड्राइव्हवर घ्या. तिथेच बसून तो कोऱ्या मशीनवर चालवून बघायचा. डेटाबेसचा पासवर्ड, बिल्ड करायच्या पायऱ्या, रिपोर्टचे साचे यांतलं एक तरी नेहमी राहिलेलं असतं. फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा) काढून करारात टाका, मग "ही ती आवृत्ती नव्हेच" हा वाद उरत नाही.

त्याला आणखी एक विचारा: दुसऱ्यांची कुठली लायब्ररी (तयार कोड) वापरलीस? जीपीएल या मुक्त लायसन्समधलं काही असेल तर तुमच्या दोन्ही युनिटांत कितीही कॉपी करा, बंधन नाही, कारण फर्मच्या आतली नक्कल म्हणजे वाटप नव्हे. सोसायटीच्या हातात प्रत दिली की वाटप झालं, आणि मग सोर्सकोड त्याच अटींवर द्यावा लागतो. एमआयटी किंवा बीएसडी ही सैल लायसन्स असतील तर नावाची सूचना ठेवली की झालं.

नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिताक्षणीच तयार होतो. विकायचं ठरलं तर करून ठेवा: फॉर्म १४, साहित्यकृती म्हणून, फी ५०० रुपये, सोर्सकोडची किमान पहिली १० आणि शेवटची १० पानं, काहीही काळं न करता. डायरी नंबर (अर्जाचा नोंद-क्रमांक) पडल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

कलमदान

मेलबद्दल. पहिलं: ती खरी आहे का ते बघा. पाठवणाऱ्याचा डोमेन उत्पादक कंपनीचाच आहे का, आणि तक्ता म्हणून जोडलेली फाइल चालवायची तर नाही ना? उत्पादकाच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून विचारा, मेलमधल्या नंबरवर नाही. खरी तपासणी आणि दहा दिवसांच्या धाकाने लायसन्स खपवणारा विक्रेता, दोघांची भाषा सारखीच असते.

खरी निघाली तर गप्प बसू नका आणि घाईत तक्ताही भरू नका. त्यात "आम्ही इतक्या अनधिकृत प्रती वापरल्या" अशी कबुली सहीनिशी जाते. मुदत वाढवून मागा, लायसन्समधल्या कुठल्या कलमाखाली तपासणी आहे ते विचारा, आणि भरण्याआधी वकिलाला दाखवा. उत्तरच दिलं नाही तर पुढचं पाऊल कोर्टाचं असतं: एकतर्फी आदेश, कोर्टाने नेमलेला लोकल कमिशनर, आणि तुमच्याच ऑफिसात बसून मशीनची यादी.

आणि थांबा, पॅचवालं टॅली काढताय ना? मेल त्याच कंपनीची असेल तर आधी वकिलाला विचारा. वापर आजपासून बंद, मशीन बाजूला ठेवा, पण नोटीस आल्यावर डिस्क फॉरमॅट केली तर ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. नवीन लायसन्स आज घ्या. बिलावरची तारीख मागचं धुऊन काढत नाही, पण पुढचं थांबवते, आणि "माहीत असून" या शब्दांसमोर तेवढंच उभं राहतं.

कॅनिंग_ऑफिस (रत्नागिरी)

मेल दुसऱ्याच कंपनीची आहे, आणि डोमेन विक्रेत्याचा निघाला. उत्पादकाला फोन करतो. टॅलीचं खरं लायसन्स अकाउंटंटच्या नव्या मशीनवर न्यायचंय, आज सरेंडर करू का?

सर्व्हर_खोली

सरेंडर करण्याआधी लायसन्सच्या माहितीत ॲडमिनचा ई-मेल कुठला दिसतो ते बघा. बऱ्याच ठिकाणी डीलरने स्वतःचाच घातलेला असतो. मग नव्या मशीनवरच्या ॲक्टिव्हेशनची अनलॉक-की त्याच्या मेलवर जाते, आणि तो लग्नाला गावी गेला की तुमचं सेल्सबिल दोन दिवस अडकतं. तसं असेल तर आधी ई-मेल फर्मच्या नावावर बदलून घ्या. त्यासाठी मूळ बिल आणि सिरीयल नंबर हाताशी ठेवा. डेटाचा बॅकअप काढून तो नव्या मशीनवर उघडून बघा, मग सरेंडर. आणि हे मार्चअखेरच्या आठवड्यात नको.